दाराआधीची चार पावले

घराचे नूतनीकरण काढले की दर्शनी बाजूची चर्चा दारापासून सुरू होते आणि बहुधा दारापाशीच संपते. लाकूड की पोलाद, रंग कोणता, कडी कसली. पण प्रवेशाचा इतिहास चाळला तर दाराच्या फळीकडे स्वागताचे काम क्वचितच सोपवलेले दिसते. फळी अडवण्यासाठी आली. आलेल्या माणसाला सामावून घेण्याची सोय लोकांनी केली ती रस्ता आणि दार यांच्यामधल्या जागेत.

अगदी सुरुवातीला तर दारच नव्हते. आजच्या तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक येथे सुमारे 9,000 वर्षांपूर्वीची घरे भिंतीला भिंत लावून उभी होती आणि त्यांच्यामध्ये गल्ल्या जवळपास नव्हत्याच. लोक छपरांवरून चालत, छपराच्या भोकातून शिडीने घरात उतरत. चुलीचा धूरही त्याच भोकातून बाहेर पडे, म्हणजे पाहुण्याचे स्वागत धुराने! भिंतीतले दार पुढे रुळले, ते थंडी, वारा आणि नको असलेली माणसे बाहेर ठेवायला. स्वित्झर्लंडमधल्या तळ्याकाठच्या झ्युरिक शहरात 2010 साली ऑपेरागृहाजवळ वाहनतळासाठी खोदकाम करताना असे एक दार सापडले. लाकडातल्या वलयांवरून त्याचा काळ इ.स.पू. 3063 च्या सुमाराचा ठरला. पॉपलरच्या फळ्या इतक्या कौशल्याने जोडल्या होत्या, की ते चांगल्या अवस्थेत हाती आले. तळ्याकाठच्या बोचऱ्या वाऱ्यासमोर तसेच भक्कम दार हवे होते.

नजर अडवण्यासाठी लोकांनी दारापेक्षा वाटेला कामाला लावले. मोहेंजोदडोत बऱ्याच घरांची दारे मोठ्या रस्त्याऐवजी बाजूच्या बोळात उघडत. पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या शहरांत दारातून आत गेले की वाट काटकोनात वळते. त्यामुळे दार सताड उघडे असले तरी रस्त्यावरून अंगण दिसत नाही. इराणमधल्या जुन्या दारांवर ठोकायच्या दोन वेगळ्या कड्या असतात, एक जड आवाजाची पुरुषांसाठी आणि एक हलक्या आवाजाची स्त्रियांसाठी. आवाज ऐकून दार कोणी उघडायचे ते घरात ठरे. चीनमधल्या चौकोनी अंगणाच्या घरात दरवाजासमोरच एक आडवी भिंत असते. तिला वळसा घातल्यावरच घर दिसू लागते. आज कॅमेऱ्याची घंटा जे काम करते, ते तेव्हा एक वळण करत होते, आणि त्याला चार्जिंग लागत नव्हते.

दर्शनी प्रवेशाला प्रतिष्ठेचे रूप दिले ते रोमने. श्रीमंत रोमन माणसाच्या आश्रयाला असलेले लोक रोज सकाळी त्याच्या भेटीला येत. त्यांनी थांबायचे कुठे? रस्त्यालगतच्या ‘वेस्टिब्युलम’मध्ये. तिथून एक अरुंद बोळ आणि मग एकदम उजेडाचे, वर मोकळे आकाश असलेले ‘एट्रियम’. अंधारातून उजेडात नेण्याची ही युक्ती आजही चालते. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसने तर स्पष्टच लिहिले, की सामान्य माणसाला भव्य प्रवेशाची गरज नाही, कारण भेटायला तोच इतरांकडे जातो. त्याच्याकडे कोणी येत नाही. कठोर आहे, पण प्रवेशाची जागा येणाऱ्यांवरून ठरते हा मुद्दा त्यात आहे. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पोम्पेईत दोन घरांचे प्रवेश पाहण्यासारखे आहेत. एकासमोरच्या फरसबंदीवर ‘हावे’ म्हणजे ‘नमस्कार’ असे शब्द जडवले आहेत. दुसऱ्याच्या उंबऱ्याशी साखळीला बांधलेला कुत्रा मोझाइकमध्ये आहे आणि खाली लिहिले आहे, ‘कुत्र्यापासून सावध’. पायपुसणी आणि पाटी यांचे कुळ इतके जुने आहे.

जपानमधल्या ‘गेन्कान’ची, म्हणजे दारातून आत आल्याबरोबरच्या जागेची, गोष्ट थोडी निराळी. हा शब्द झेन बौद्ध मठांतून आला. पुढे सामुराईंच्या घरांत ही जागा मानाची ठरली आणि सामान्यांवर ती बांधण्याची बंधने होती. एकोणिसाव्या शतकात ती बंधने गेली आणि आज लहानशा फ्लॅटमध्येही गेन्कान असतो. त्यात आहे तरी काय? खालच्या पातळीवरची थोडी फरशी, पादत्राणे काढायची जागा आणि एक पायरी. त्या पायरीवर बाहेर संपते. माझ्या मते कमीत कमी जागेत साधलेला हा सर्वांत हुशार प्रवेश आहे.

युरोपात सोळाव्या शतकात इटालियन वास्तुविशारद आंद्रेआ पॅलाडिओने प्राचीन रोमन मंदिरांचे खांब आणि त्रिकोणी माथा थेट राहत्या घरांच्या दर्शनी भागावर आणला. त्याची नक्कल पुढे जगभर झाली. आजही नव्या बंगल्यापुढे उगाच दिसणारे दोन जाड खांब त्याचेच दूरचे वारस आहेत. अठराव्या शतकातल्या लंडनच्या अरुंद घरांत बोळ अंधारा असे, म्हणून दारावर पंख्याच्या आकाराची काचेची कमान आली. शोभेची वाटणारी ती वस्तू मुळात उजेडाची गरज होती. 1840 मध्ये ब्रिटनमध्ये टपालाचे पैसे आधीच भरण्याची पद्धत आली, पोस्टमनला दारात पैशांसाठी थांबण्याचे कारण उरले नाही आणि दारांना पत्रांची फट पडू लागली. एका माणसाशी रोजचे बोलणे त्या फटीने संपवले, असेही म्हणता येईल.

न्यूयॉर्कमध्ये डच वसाहतीतून आलेल्या उंच पायऱ्यांना ‘स्टूप’ म्हणतात. 1811 च्या नगररचनेत मागच्या गल्ल्या ठेवल्या नव्हत्या, म्हणून नोकरांचा आणि मालाचा प्रवेश या पायऱ्यांखालून असे आणि मालकाचा वरून. पण त्या पायऱ्या बसण्याच्या जागा झाल्या. विसाव्या शतकात घरांचे तुकडे करून खोल्या भाड्याने दिल्या गेल्या, तेव्हा अनेक स्टूप तोडून प्रवेश खाली नेला गेला. आता त्याच घरांच्या नूतनीकरणात ते पुन्हा बांधले जातात.

अमेरिकेतल्या समोरच्या ओसरीचेही असेच झाले. एकोणिसाव्या शतकात ती घराघरांत आली. दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन आणि टीव्हीने माणसे आत ओढली आणि मोटारीने दर्शनी बाजू बळकावली. गॅरेज पुढे आले, दार मागे सरकले. ओरेगनमधल्या पोर्टलँड शहराने 1999 मध्ये नवी घरे अशी गॅरेजने झाकून बांधण्यावर बंधने घातली. त्याआधी 1981 पासून फ्लोरिडात वसवलेल्या सीसाइड गावात समोरची ओसरी बांधकामाच्या नियमांतच होती.

मोठे वास्तुविशारद नेहमी सरळ स्वागत करत नसत. फ्रँक लॉइड राइटने शिकागोच्या रॉबी हाऊसचे दार (1910) रस्त्यावरून सापडूच नये असे मागे, सज्जाखाली ठेवले. आत ठेंगणी, अंधारी जागा, मग जिना आणि वर लांबलचक उजेडाचे दालन. परिणाम जबरदस्त आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्याचा गोंधळ नक्की. क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये याची साधी मांडणी केली: दार लांबूनच दिसावे, पण तिथवरच्या वाटेवर काहीतरी बदलावे. दिशा, पातळी, पायाखालची जमीन, उजेड, आवाज यांतले काहीही. रस्त्यावरचा माणूस रस्त्याचा तोरा तिथेच सोडून आत येतो, असा त्यामागचा विचार.

आणि पायऱ्या? शतकानुशतके त्या प्रतिष्ठेची खूण होत्या. 1987 मध्ये अटलांटात एलीनॉर स्मिथ यांनी सुरू केलेल्या चळवळीने विचारले, की व्हीलचेअरवरच्या मित्राला जे घर दारातूनच परत पाठवते ते स्वागतशील कसे? इंग्लंड आणि वेल्समध्ये 1999 पासून नव्या घरांचा प्रवेश व्हीलचेअरवरून येणाऱ्याला जमेल असा ठेवण्याचा नियम आला. जुन्या घरात मात्र लोक पायऱ्यांशेजारी 1:12 उताराचा (12 मीटर लांबीत 1 मीटर चढ) कठडेदार रॅम्प चिकटवतात आणि तो दवाखान्यासारखा दिसतो. उतार 1:20 किंवा त्याहून सौम्य ठेवला, तर अमेरिकी नियमांप्रमाणे त्याला कठडा लागत नाही, ती साधी पायवाटच मानली जाते. 30 सेंटिमीटर चढायला तिला 6 मीटर लांबी हवी. एवढी सरळ जागा फार थोड्या घरांपुढे असते. मग वाट वळवावी लागते, कडेला झाड येते, वळणावर बाक बसतो.