विदाल द्राक्ष आणि त्याची आइसवाइन : नायगरा सहलीच्या पाहुण्यांसाठी

टोरांटोहून आमच्या गाडीने नायगरा बघायला येणारे बहुतेक पाहुणे म्हणजे मुलांकडे राहायला आलेले आई-वडील. धबधबा पाहून झाला की आपण जवळच्या नायगरा-ऑन-द-लेकमधल्या द्राक्षमळ्यात थांबतो. तिथली आइसवाइनची, म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनची, बारकीशी उंच बाटली हातात घेतल्यावर प्रश्न हमखास येतो, "एवढ्याशा बाटलीची एवढी किंमत?" त्याचं उत्तर गाडीत घाईघाईने देण्यापेक्षा इथे लिहून देतो.

बाटलीतली वाइन बहुधा विदाल या पांढऱ्या द्राक्षाची असते. हे संकरित वाण. १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये झाँ-लुई विदाल यांनी उनी ब्लाँ आणि रेयाँ दॉर यांच्या संकरातून ते तयार केलं. उनी ब्लाँ म्हणजे कोन्याक ब्रँडीचं मुख्य द्राक्ष. रेयाँ दॉर स्वतःच संकरित, अमेरिकन वेलींचा वारसा असलेलं. विदाल यांनाही ब्रँडीसाठीच द्राक्ष हवं होतं. या वाणाचं सोनं झालं ते मात्र कॅनडात.

त्याला कारण त्याची साल. ती जाड आणि चिवट असते, मणी देठाला घट्ट धरून राहतो आणि फळात आंबटपणाही भरपूर. बाकीची बाग रिकामी झाली, पानं गळाली, तरी विदालचे घड जाळीखाली डिसेंबर-जानेवारीपर्यंत वेलीवरच असतात. जाळी पक्ष्यांसाठी. १९८३ साली इनिस्किलिन वाइनरीचं आइसवाइनसाठी राखलेलं पीक पक्ष्यांनी फस्त केलं होतं. पुढच्या वर्षी तिथले वाइनमेकर कार्ल कायझर यांनी जाळ्या लावून विदालची आइसवाइन काढली, आणि त्याच वाइनरीच्या १९८९च्या विदालला १९९१मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या व्हिनएक्स्पो या वाइन-प्रदर्शनात सर्वोच्च सन्मान मिळाला.

पारा उणे ८ अंशांवर किंवा त्याखाली उतरल्याशिवाय तोडणी करायची नाही, असा इथला नियम. फ्रीजरमध्ये गोठवलेली द्राक्षं चालत नाहीत. म्हणून तोडणी बहुधा रात्रीच. मणी गोटीसारखे कडक झालेले असतात. घड क्रेटमध्ये टाकला की खडखडतो. तसेच गोठलेले घड दाबले की पाणी बर्फ होऊन आतच राहतं आणि थेंब थेंब घट्ट रस बाहेर येतो. आपल्याकडे गुऱ्हाळात उसाचा रस आटवून काकवी करतात. इथे तेच काम थंडी करते. रसाला आच लागत नाही, त्यामुळे जर्दाळू, पीच, अननसाचा वास शाबूत राहतो. रसाची गोडी किमान ३५ ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं एकक) लागते. ज्यांच्या घरी द्राक्षबाग आहे त्यांना सांगायला नको, खायचं द्राक्ष १८वर गेलं तरी आपण खूश असतो! एरवी निघाला असता त्याच्या जेमतेम १५ ते २० टक्के रस मिळतो. किंमत तिथे चढते. इतक्या साखरेत यीस्टची दमछाक होते, अल्कोहोल बहुधा ९ ते ११ टक्क्यांवर थांबतं आणि उरलेली साखर वाइनमध्ये राहते.

विदालची साधी, कोरडी वाइनही मिळते. लिंबाच्या अंगाची, तळलेल्या मासळीबरोबर आम्हाला ती फार आवडते.

आइसवाइन थंड करून, ५० मिलिलिटरच्या आसपासच घ्या. तेवढ्यातही साधारण दोन चमचे साखर जाते. मधुमेह असलेल्यांनी एक घोट चाखून थांबावं. श्रीखंड, पुरणपोळीबरोबर घेऊ नका, गोडावर गोड होऊन दोन्हींची चव जाते. खारे काजू किंवा ब्लू चीज उत्तम. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. न उघडलेलीही दहा-वीस वर्षं जपण्यासाठी नसते. तेवढा टिकाऊपणा रीसलिंग द्राक्षाचा, विदालचा नाही.

विकत घेताना लेबलवर 'आइसवाइन' हा जोडशब्द आणि 'व्हीक्यूए' (VQA, इथल्या वाइनचं दर्जाचं चिन्ह) ही अक्षरं बघा. परतीच्या विमानात बाटली चेक-इन बॅगेतच, कपड्यांत नीट गुंडाळून ठेवा. चाखण्यासाठी वय किमान १९ लागतं, त्यामुळे बरोबर तरुण नातवंडं असतील तर त्यांचं ओळखपत्र विसरू नका.