आयर्लंडची मृत्युगाडी: खुलासा एका जोडकथेचा

ज्या घरी मृत्यू व्हायचा असतो तिथे रात्री काळी घोडागाडी येते, तिचे घोडे बिनमुंडक्याचे असतात आणि हाकणारा दुल्लहानही तसाच, ही आयर्लंडमधील लोकश्रद्धा सांगताना हल्ली एक पुस्ती हमखास जोडली जाते: ही गाडी ख्रिस्तपूर्व काळातील असून नरबळी घेणाऱ्या क्रोम क्रुआख या देवतेचे ते अवशिष्ट रूप आहे. या पुस्तीला आधार नाही. कॅव्हन परगण्यातील क्रोमच्या मूर्तीची हकिगत मध्ययुगीन आयरिश साहित्यात येते, परंतु तिच्यात ना गाडी आहे, ना मुंडके नसलेला गाडीवान.

मुळात कातडी पट्ट्यांवर टांगलेली प्रवासी घोडागाडी हंगेरीकडून पश्चिम युरोपात पसरली तीच 16व्या शतकात, आणि आयर्लंडमध्ये ती त्यानंतर जमीनदारांच्या वाड्यांतून रुळली. मग तिचे भूत त्याहून जुने कसे असेल? आयरिश लोककथांचे संग्राहक क्रॉफ्टन क्रोकर यांनी 1820च्या दशकात या कथा छापल्या. आयरिश कवी येट्स यांच्या 1888 सालच्या लोककथासंग्रहात तर गाडी दारापर्यंत येते आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडावर घंगाळभर रक्त फेकले जाते.

सर्वांत मोलाचा पुरावा मात्र शाळकरी मुलांचा आहे. 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा वह्यांत उतरवल्या, आणि त्यांतील बिनमुंडक्याची गाडी गावच्या ओळखीच्या रस्त्यावरून, जमीनदाराच्या वाड्याकडे धावते. तिथे क्रोमची गरजच भासत नाही.