पोळपाट ते तवा

मॉड्युलर किचनच्या दुकानात आम्ही दीड तास बसलो होतो. ग्लॉसी की मॅट, ॲक्रिलिक की लॅमिनेट, हँडल बाहेर हवं की खाचेत, सगळं विचारून झालं. मोठ्या पडद्यावर आमचं होऊ घातलेलं स्वयंपाकघर गोल गोल फिरवून दाखवलं. ओट्यावर फळांची एक परडी होती, बाकी सगळा ओटा लख्ख मोकळा. कुकर नाही, मिसळणाचा डबा नाही, पाण्याचा फिल्टर नाही. घरात पोळ्या कोण करतं आणि तिची उंची किती, हे मात्र शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

खरं तर स्वयंपाकघराच्या मांडणीचं शास्त्र अशाच प्रश्नांतून सुरू झालं, तेही कारखान्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे जोडपं कामगारांच्या हालचाली मोजत असे. बोटाला छोटा दिवा बांधायचा, कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं, आणि हात जिथून जिथून गेला त्याची उजेडाची रेघ फोटोवर उमटवायची. रेघ जितकी वेडीवाकडी, तितके कष्ट वाया. फ्रँक १९२४ मध्ये गेले. बाईंच्या पदरी मुलांचा मोठा गोतावळा होता, आणि बाई इंजिनिअर म्हणून कारखाने त्यांना काम द्यायला फारसे राजी नव्हते. मग त्यांनी हेच मोजमाप स्वयंपाकघरात आणलं. १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी त्यांनी आखलेल्या मांडणीत स्ट्रॉबेरीचा केक करायला लागणारी पावलं २८१ वरून ४५ वर आली, असं सांगतात. भांडी तीच, पदार्थ तोच. फक्त वस्तूंच्या जागा बदलल्या.

त्याच्या तीन वर्षं आधी, १९२६ मध्ये, जर्मनीत फ्रँकफर्टला मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती पणजी. तिची मापं बघा: रुंदी सुमारे १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर त्यांनी बारकाईनं अभ्यासलं होतं. खिडकीखाली कामाचं टेबल, पुढे फिरतं स्टूल, तांदूळ-साखरेसाठी चोच असलेले ॲल्युमिनियमचे कप्पे, म्हणजे डबा उघडून वाटी शोधायला नको, कप्पाच काढून थेट ओतायचं. पिठाचा कप्पा मात्र ओक लाकडाचा, कारण त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे किडे लागत नाहीत. लाकूडकाम निळसर रंगाचं, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तेव्हाचा समज. अशी जवळपास १०,००० स्वयंपाकघरं तिथे बांधली गेली.

ही मापं वाचताना मी थबकलो ते वेगळ्याच कारणानं. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघराची किमान रुंदी १.८ मीटर आणि क्षेत्रफळ ५ चौरस मीटर दिलेलं आहे. म्हणजे फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतीतलं आणि आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर रुंदीला जवळजवळ सारखंच. फरक आहे तो आत काय शिजतं याचा.

म्हणून दुकानातून आल्यावर मी एक उद्योग केला. थर्माकोलच्या तुकड्यावर आमच्या स्वयंपाकघराचा आराखडा काढला. नळ, शेगडी, फ्रीज, कोरडा ओटा, डब्यांची मांडणी, कचऱ्याचा डबा, प्रत्येक ठिकाणी एक टाचणी. मग रविवारी बायको वरण-भात-भाजी करत असताना दाराशी खुर्ची टाकून बसलो, आणि ती जिथून जिथे जाईल तसा टाचण्यांना दोरा गुंडाळत गेलो. (खुर्ची वाटेत येते म्हणून दोनदा उठवलं गेलो, तीही माहितीच आहे.) कारखान्यांत ही दोऱ्याची पद्धत अजून वापरतात. तासाभरानं चित्र स्पष्ट झालं. नळ आणि शेगडी यांच्यामध्ये दोऱ्यांचा जाड पट्टा, ओट्यावरून डब्यांच्या मांडणीकडे त्याहून थोडा बारीक, आणि फ्रीजकडे जाणारे दोरे अगदी मोजके. भाजी, कोथिंबीर, दही एकदा बाहेर आलं की फ्रीजचं काम जवळपास संपतं.

इथेच पुस्तकी त्रिकोण आपल्याला जरा फसवतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक नियम तयार झाला. सिंक, शेगडी आणि फ्रीज हे तीन कोपरे धरायचे, प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट, आणि तिन्हींची बेरीज १३ ते २६ फुटांच्या दरम्यान. कल्पना चांगली आहे, पण तिसरा कोपरा त्यांच्या सवयीचा आहे. ज्यांच्या स्वयंपाकात मांस, दूध, लोणी, भाज्या सगळं फ्रीजमधून येतं, त्यांचा तो त्रिकोण. आपल्या फोडणीची गोष्ट वेगळी. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, कढीलिंब हे सगळं काही सेकंदांत पडायला हवं. तेवढ्यात मिसळणाचा डबा वरच्या कपाटातून काढायचा, तर मोहरी करपते. त्यामुळे फ्रीज हॉलमध्ये गेला तरी फार बिघडत नाही, डबा शेगडीपासून हातभर लांब गेला तर रोज बिघडतं.

आणि पोळ्या! पोळी तव्यावर टाकायची, उलटायची, फुगली की उतरवायची. एका पोळीमागे तव्याकडे किमान तीन फेऱ्या. वीस पोळ्यांना साठ. पोळपाट तव्याशेजारी असेल तर यातली प्रत्येक फेरी म्हणजे नुसती हाताची हालचाल. पोळपाट दीड मीटरवर डायनिंग टेबलवर असेल, तर जाऊन-येऊन तीन मीटर, एकूण १८० मीटर, तेही एक डोळा तव्यावर ठेवून. आमच्या बहुतेक नातेवाइकांकडे पोळ्या डायनिंग टेबलवरच लाटल्या जातात. ओटा मोकळा नसतो म्हणून, असं मला वाटायचं. खरं कारण उंची आहे, त्याकडे येतोच.

आधी आकाराचं उरकून घेऊ. दुकानवाले सरळ, समांतर, एल, यू अशी नावं पुढे ठेवतात आणि निवडा म्हणतात. पण निवड बहुतेक वेळा भिंतींनी आधीच केलेली असते. रुंदी ६ फूट असेल आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांचे ओटे घातले, तर मधे उरतात २ फूट. खालची ट्रॉली पूर्ण ओढली की सुमारे २० इंच बाहेर येते. मग ओढणाऱ्यानं उभं कुठे राहायचं? एका माणसाला वाकून ट्रॉली उघडायला ३ फूट तरी हवेत, दोघं पाठीला पाठ लावून वावरणार असतील तर ४. म्हणून चिंचोळ्या स्वयंपाकघरात समांतर मांडणी हवीच असेल, तर दुसऱ्या बाजूला फूटभर खोलीचीच फळी करावी. मिक्सर, डबे, फिल्टर यांना तेवढी पुरते. यू आकाराला ८ फूट रुंदी लागते, ती कुणाकडे असते? एल मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. त्याच्या कोपऱ्यात २ फूट बाय २ फुटांची जागा हाताच्या टप्प्याबाहेर जाते खरी, पण वरच्या अंगाला तिथे मिक्सर छान बसतो: कोरडा, वाटेबाहेर, प्लगजवळ. मधोमध बेटासारखा ओटा घालायची जाहिरात तर सोडूनच द्या.

आता उंची. उभ्यानं काम करताना हात कोपरात साधारण काटकोनात असतील तर खांदे सैल राहतात. कोपराची उंची माणसाच्या उंचीच्या जेमतेम ६३ टक्के असते. चिरण्यासारख्या हलक्या कामाला पृष्ठभाग कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली हवा. कणीक तिंबणं, पोळ्या लाटणं यांना जोर लागतो, वरून शरीराचं वजन टाकावं लागतं, म्हणून तिथे १५ ते २० सेंटिमीटर खाली. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी जेमतेम १५० सेंटिमीटर. त्यांचं कोपर जमिनीपासून सुमारे ९५ वर. म्हणजे पोळपाटाचा माथा ७५ ते ८० वर यायला हवा, आणि पोळपाटाची स्वतःची ५ सेंटिमीटर वजा केली तर ओटा ७० ते ७५ वर, म्हणजे २८ ते ३० इंच. डायनिंग टेबल नेमकं ३० इंचांचं असतं! आमचा जुना ओटा ३४ इंच, म्हणजे ८६ सेंटिमीटर. त्यावर पोळपाट ठेवला की माथा ९१ वर जातो, आणि मावशींना खांदे उचलूनच लाटावं लागतं. महिन्याकाठी त्यांचा खांदा दुखतो, ते आम्ही त्यांच्या वयावर ढकलत होतो.

शेगडीचं गणित याहून वाईट. ३४ इंचांच्या ओट्यावर ११-१२ सेंटिमीटरची शेगडी, तिच्यावर वीतभर उंच पातेलं. काठ जातो ११५-१२० सेंटिमीटरवर. बुटक्या माणसाला आतलं ढवळताना कोपर बाहेर काढून हात उंच धरावा लागतो, शिवाय वाफ थेट तोंडावर. सिंकचं नेमकं उलट: भांडं घासलं जातं ते तळाशी, आणि तळ ओट्यापेक्षा २० सेंटिमीटर खाली, त्यामुळे कंबर वाकते. म्हणजे एकाच सरळ पातळीचा ओटा दोन्हीकडून चुकतो. शेगडीचा भाग तीन-चार इंच खाली आणि सिंकचा तितकाच वर, हे बरोबर. मी पाच फूट नऊ इंचांचा, चिरणं आणि भांडी माझ्याकडे, त्यामुळे वरची पातळी माझ्या मापानं आणि खालची मावशींच्या, अशी वाटणी आपसूक झाली. दुकानातल्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “सर, लुक जाईल.”

गॅसच्या बाबतीत मात्र लुकचा विचार करूच नये. सिलिंडर ट्रॉलीच्या मागे झाकायची फॅशन आहे. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन, रेणुभार ४४ आणि ५८. हवेचा सरासरी २९, म्हणजे हा गॅस हवेहून जड. गळती झाली तर हा गॅस पाण्यासारखा खाली उतरतो, कपाटाच्या तळाशी आणि फरशीवर साचतो. हवेत तो २ टक्क्यांच्या आसपास पोचला की एक ठिणगी पुरे. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला झरोके हवेत ते अगदी तळाशी, आणि त्याच कप्प्यात प्लग-पॉइंट नको. पाइपचा गॅस आला की हिशेब उलटा होतो. तो मिथेन, रेणुभार १६, वर चढणारा, त्याला छताजवळची वाट लागते. आमच्या सोसायटीत पाइप येऊ घातलाय, त्यामुळे मी दोन्हीकडे भोकं पाडून घेणार आहे. शेगडी खिडकीच्या बरोबर समोरही नको. वाऱ्यानं ज्योत तव्याच्या बाहेर पळते, आणि चिमणीकडे सरळ चढणारा फोडणीचा धूर वाटेतच फुटून घरभर होतो.

दगडाबद्दल एवढंच, की काळा कडाप्पा दिसायला ग्रॅनाइटचा भाऊ वाटला तरी तो चुनखडीचा आहे. लिंबू, कोकम, चिंच सांडली की आम्लाशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि चकाकी जाते. ग्रॅनाइटला काही होत नाही.

गेल्या आठवड्यात सुतार मापं घ्यायला आले. २९ इंच ऐकून त्यांनी टेप दोनदा लावला. मग मीच गच्चीवरून विटा आणल्या, त्यांच्यावर प्लायची फळी टाकली आणि २९ इंच जुळवले. मावशींनी पदर खोचला, पोळपाट मांडला, दोन पोळ्या लाटल्या. हात थांबवून फळीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अजून एक बारकी फळी घाला वर. हं, आता ठीक.” सुतारांनी पेन्सिल कानावरून काढली आणि भिंतीवर रेघ मारली: साडेएकोणतीस.