‘च्यूस’ आला कुठून?

जर्मनच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत दोन निरोप भेटतात: आदबीचा ‘आउफ वीडरझेएन’ आणि जवळिकीचा ‘च्यूस’. पहिला अस्सल जर्मन, भारदस्त वाटतो, दुसरा पोरासोरांचा. इतिहास पाहिला की हा समज टिकत नाही.

‘च्यूस’च्या मुळाशी देव आहे. फ्रेंच ‘आद्यू’ आणि स्पॅनिश ‘आदिओस’ म्हणजे ‘देवाच्या हवाली’. उत्तरेकडच्या सखल जर्मन बोलीत त्याचं ‘आद्यूस’ झालं, मग ‘आच्यूस’, आणि बोलून बोलून झिजत उरला तो ‘च्यूस’. शहरी, शिकलेल्या घरांत मात्र ‘आद्यू’च चालायचं. 1914 साली महायुद्ध पेटलं आणि फ्रेंच ही शत्रूची भाषा ठरली. फ्रेंच शब्द टाका, ‘आउफ वीडरझेएन’ म्हणा, असा आग्रह सुरू झाला. पण ‘पुन्हा भेटेपर्यंत’ हा निरोपही मुळात फ्रेंच ‘ओ रव्हॉर’चाच शब्दशः अनुवाद! ‘आद्यू’ मागे पडला, ‘च्यूस’ तगला. मला वाटतं, तो इतका झिजला होता की त्याचं फ्रेंच नातं कुणाला दिसलंच नसावं. ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या आपल्याला ‘आउफ वीडरझेएन’मागची भावना समजावून सांगावी लागत नाही.

दक्षिणेत, म्हणजे बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात, देव अजून उघडपणे बोलण्यात आहे. तिथलं ‘ग्र्यूस गॉट’ पुष्कळ विद्यार्थी ‘देवाला नमस्कार सांगा’ असं समजतात. खरा अर्थ ‘देव तुमचं भलं करो’. कारण आज ‘नमस्कार करणे’ असा अर्थ असलेल्या त्या क्रियापदात पूर्वी आशीर्वादाची छटा होती. आपला ‘राम राम’ याच्या जवळचा. स्वित्झर्लंडमधलं ‘ग्र्यूएत्सी’ त्याच घराण्यातलं. भेटताना आणि निघताना, दोन्ही वेळा चालणारा ‘सेर्वुस’ थेट लॅटिन. अर्थ ‘दास’, म्हणजे ‘आपल्या सेवेला हजर’. आपल्या जुन्या अर्जांखालचा ‘आपला आज्ञाधारक सेवक’ आठवावा. इटालियन ‘चाव’सुद्धा व्हेनिसच्या बोलीतल्या ‘दास’ या शब्दातूनच आला.

उत्तरेतलं ‘मॉइन’ ऐकायला ‘मॉर्गन’, म्हणजे सकाळ, असं वाटतं. पण त्याची ‘छान’ या अर्थाच्या ‘मॉय’शी लावलेली व्युत्पत्ती जास्त पटते, कारण लोक ते रात्रीही म्हणतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘च्यूस’ दक्षिणेकडे पसरला आणि तिथल्या अनेकांना तो खुपला. 2012 साली बव्हेरियातल्या पासाउ शहरातल्या एका शाळेनं तर आपलं आवार ‘हालो’ आणि ‘च्यूस’ यांच्यापासून मुक्त असल्याचं जाहीर केलं. मुलांनी ‘ग्र्यूस गॉट’ आणि ‘आउफ वीडरझेएन’ म्हणावं, ही अपेक्षा. म्हणजे देवाच्या नावातून जन्मलेला शब्द उद्धट ठरवून तिथं देवाच्याच नावाचा दुसरा शब्द सुचवला गेला. आज मात्र दुकानातला विक्रेता ज्या गिऱ्हाइकाला ‘झी’, म्हणजे ‘आपण’, म्हणतो, त्यालाही सहज ‘च्यूस’ म्हणून निरोप देतो.