तंत्रिका-औषधशास्त्र

औषध मेंदूत व मज्जासंस्थेत पोहोचल्यावर तिथे काय घडवते, कोणत्या ग्राहीला (पेशीवरील संदेश पकडणाऱ्या रेणूला) चिकटते, कोणता रासायनिक संदेशक वाढवते किंवा रोखते, याचा अभ्यास करणारी औषधशास्त्राची शाखा. नागपुरात अमरावती मार्गावरील विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात आणि शेजारच्या कामठीत ही शाखा चांगली रुजली आहे.

पहिला अडसर पोहोचण्याचाच. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंती घट्ट जोडलेल्या असल्याने रक्तातील बहुतेक पदार्थ आत शिरत नाहीत. डोपामाइन हा रासायनिक संदेशक जात नाही, लेव्होडोपा जाते आणि आत त्याचे डोपामाइन होते; म्हणून कंपवाताच्या रुग्णाला लेव्होडोपा देतात. सर्दीच्या जुन्या गोळीने डुलकी येते आणि सेटिरिझिन या नव्या गोळीने फारशी येत नाही, त्याचेही कारण हेच.

सर्पगंधेच्या मुळांतून १९५२ मध्ये वेगळे काढलेले रेसर्पिन या शास्त्राला फार उपयोगी पडले. ते तंत्रिकापेशींतील डोपामाइन, नॉरअॅड्रेनालिन व सेरोटोनिनचे साठे रिकामे करते. रेसर्पिनने निपचित पडलेले ससे लेव्होडोपाने पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडिश औषधशास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले आणि डोपामाइन हा स्वतंत्र संदेशक असल्याची खात्री पटू लागली.

नागपूर-कामठीच्या कामात दोन रेणू वारंवार दिसतात : अर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनणारे अॅग्मॅटिन आणि मेंदूतही तयार होणारे अॅलोप्रेग्नॅनोलोन हे स्टेरॉइड. अॅलोप्रेग्नॅनोलोनचा नैराश्यरोधक परिणाम नागपुरात उंदरांवर २००० च्या सुमारास दाखवला गेला. हाच रेणू २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसूतिपश्चात नैराश्यावरचे औषध म्हणून मंजूर झाला.

नैराश्यरोधक परिणामाची चाचणी बहुधा पोहण्याच्या भांड्यात होते. काचेच्या नळकांड्यात सुमारे १५ सेंमी पाणी घेऊन उंदीर ६ मिनिटे सोडतात व शेवटच्या ४ मिनिटांत तो धडपड सोडून किती सेकंद निश्चल राहिला ते मोजतात. निश्चलता घटली की औषध नैराश्यरोधक, असा निष्कर्ष मात्र घाईचा. कॅफिनसारखे उत्तेजकही निश्चलता घटवते. म्हणून तीच मात्रा देऊन मोकळ्या जागेतली हालचाल वेगळी मोजावीच लागते. पाणी २४-२५ अंशांवर हवे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळाला चटका देणारे येते, तेव्हा ते आदल्या संध्याकाळी भरून खोलीत ठेवणे शहाणपणाचे. वीज गेली, वातानुकूलन बंद पडले आणि प्राण्यांची खोली तापली, तर त्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवलेले बरे.

औषध थेट मेंदूच्या पोकळीत द्यायचे असेल तर भूल दिलेल्या मोठ्या उंदराची कवटी स्टिरिओटॅक्सिक चौकटीत (डोके स्थिर धरून जागा मोजून देणाऱ्या साधनात) बसवतात. ब्रेग्मा या कवटीच्या हाडांच्या सांध्यापासून ०.८ मिमी मागे व १.३ मिमी बाजूला छिद्र पाडून ३.५ मिमी खोल कॅन्युला (बारीक नळी) उतरवतात, स्क्रू आणि दातांच्या सिमेंटने पक्की करतात. आठवडाभर विश्रांती. मग ५ मायक्रोलिटर द्रव एका मिनिटात सोडून सुई आणखी एक मिनिट तशीच ठेवतात, नाहीतर द्रव उलटा वर येतो. शेवटी रंगद्रव्य सोडून मेंदू कापून पाहतात. रंग पोकळीत नसेल तर त्या प्राण्याचे निकाल वगळतात. हे सारे संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीच्या मंजुरीनंतरच.

नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातील अतितप्त नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हे शास्त्र प्रयोगशाळेबाहेर, रुग्णाच्या घरी कामाला येते. क्लोरप्रोमाझिनसारखी मनोविकारांवरची औषधे मेंदूतील तापमान-नियंत्रण बिघडवतात. त्यांच्यामुळे येणारा ताठरपणा व थरथर कमी करण्यासाठी जोडीला दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल घामग्रंथींना येणारा अॅसिटिलकोलिनचा संदेश अडवते, घाम आटतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो. मनःस्थितीतील टोकाचे चढउतार आवरण्यासाठी देतात त्या लिथियमचे दुखणे वेगळे. घामावाटे पाणी व सोडियम गेले की मूत्रपिंड सोडियम राखू लागते आणि त्यासोबत लिथियमही राखून ठेवते. गोळी तीच, रक्तातली पातळी मात्र चढते. उपचारात ती साधारण ०.६ ते १.२ मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलिटर ठेवतात, १.५ च्या वर हातांची ठळक थरथर, उलट्या-जुलाब, अडखळती चाल दिसू लागते. उन्हाळ्यात मीठ एकदम तोडणे किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेणे, दोन्हींनी पातळी आणखी वाढते. तपासणीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घेतात. सकाळची गोळी घेऊनच आलेल्या रुग्णाचा आकडा फसवा चढा येतो.