बहुरूपी एफ-१६

जुलै १९९६. आपले हलके लढाऊ विमान, ज्याला पुढे 'तेजस' हे नाव मिळाले, ते तेव्हा बंगळुरूत जमिनीवरच उभे होते. नोव्हेंबर १९९५ मध्ये ते हँगरबाहेर आणून देशाला दाखवले होते, पण त्याचे पहिले उड्डाण व्हायला २००१ सालचा जानेवारी उजाडायचा होता. आणि तरीही त्या जुलैत तेजसचा स्वभाव अमेरिकेच्या आकाशात उडत होता. वैमानिकाने स्टिक हलवली की विमानाने किती आणि कसे वळायचे हे ठरवणारे त्याचे नियंत्रण-नियम एका एफ-१६मध्ये भरले गेले आणि ३३ उड्डाणांत तपासले गेले.

त्या एफ-१६चे आजचे नाव एक्स-६२ए. कृत्रिम बुद्धिमत्तेने हवेत माणसाशी झुंज दिल्याच्या बातम्या गेली दोन-तीन वर्षे येत आहेत, ते हेच विमान. बातम्या वाचून ते काल-परवा घडवलेले यंत्र वाटते. प्रत्यक्षात त्याने तिशी ओलांडली आहे, आणि त्याचे घराणे त्याहूनही ३५ वर्षांनी जुने आहे. या इतिहासाचे एक पान आपले आहे, म्हणून तो मराठीत नीट सांगितला जावा असे मला मनापासून वाटते.

मुळात दुसऱ्या विमानाचे सोंग घेणारे विमान लागतेच कशाला? गिझरचा नळ आठवा. पाणी गार येते म्हणून आपण नळ फिरवतो, गरम पाणी यायला उशीर लागतो, तोवर आणखी फिरवतो, आणि एकदम चटका बसतो. मग घाईने उलटा फिरवला की पुन्हा गारठा. वैमानिक आणि विमान यांच्यात नेमके हेच होऊ शकते. विमानाचा प्रतिसाद क्षणभर उशिरा आला किंवा गरजेपेक्षा जास्त आला, तर वैमानिक दुरुस्ती करायला जातो आणि प्रत्येक दुरुस्तीने झोके वाढतच जातात. उंचावर असताना सावरायला अवधी मिळतो. धावपट्टी १० मीटरवर असेल तर मिळत नाही. जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये हा दोष अनेकदा लपून राहतो, कारण तिथे खाली खरी जमीन नसते. जीव मुठीत असलेला माणूस स्टिक वेगळ्याच जोराने धरतो.

खुद्द एफ-१६ची जन्मकथा याची साक्ष आहे. २० जानेवारी १९७४ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर तिचा पहिला नमुना धावपट्टीवर नुसता वेगाने पळवून पाहायचा होता, उडवायचा नव्हताच. पण विमान डावी-उजवीकडे इतके डोलू लागले की चाचणी वैमानिक फिल ओस्ट्रायकर यांनी क्षणात निर्णय घेतला: जमिनीवर राहून विमान गमावण्यापेक्षा ते वर नेलेले बरे. सुमारे सहा मिनिटे हवेत राहून त्यांनी ते सुखरूप उतरवले. बाजूला कलण्याचे नियंत्रण गरजेपेक्षा फारच तिखट ठेवले गेले होते. अधिकृत 'पहिले उड्डाण' नंतर, २ फेब्रुवारीला झाले.

एफ-१६शी स्पर्धा करणाऱ्या वायएफ-१७ विमानाच्या बाबतीत मात्र असाच दोष आधीच सापडला होता. तो पकडणारे विमान दिसायला अगदी साधे होते. टी-३३ हे १९४०च्या दशकातले प्रशिक्षण जेट, त्याला दुसऱ्याच विमानाचे मोठे नाक बसवलेले. न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने, म्हणजे पुढच्या कॅलस्पॅनने, अमेरिकी हवाई दलासाठी ते तयार केले होते. एनटी-३३ए हे त्याचे नाव. १९५७ ते १९९७ अशी ४० वर्षे ते इतरांची सोंगे घेत राहिले. एक्स-१५ रॉकेट विमान, ए-१०, एफ-१५, अशा कितीतरी विमानांचा स्वभाव त्यात आधी उतरवला गेला. विमानांच्या इतिहासात वेगाचे आणि उंचीचे विक्रम करणाऱ्यांची नावे राहतात. या म्हाताऱ्या टी-३३ने किती वैमानिक वाचवले असतील, ते कुठल्याच विक्रमाच्या यादीत दिसत नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

त्याचा वारस म्हणजे व्हिस्टा, म्हणजेच आजची एक्स-६२ए. एफ-१६च निवडण्यामागे कारण होते: या विमानात स्टिक आणि पंखांच्या पृष्ठभागांमध्ये सळया-तारांची यांत्रिक जोडणी नसते, सारे हुकूम विजेच्या संदेशांतून जातात. त्यामुळे मधल्या संगणकाला वेगळे काही शिकवले की विमान वेगळे वागू लागते. दोन आसनी एफ-१६डी घेऊन तिची तोफ आणि दारूगोळ्याचा पिंप काढून टाकला, त्या जागी संगणक आले. शेपटीचे पृष्ठभाग भराभर हलावेत म्हणून हायड्रॉलिक पंप आणि नळ्या मोठ्या केल्या, चाकांचा सांगाडाही भक्कम केला. पुढच्या आसनावर नेहमीच्या बाजूच्या स्टिकसोबत मधोमध एक जास्तीची स्टिक बसवली. ती किती जड लागावी, किती हलावी, हेसुद्धा ठरवता येते.

काम असे चालते: पुढचा वैमानिक स्टिक हलवतो, संगणक हिशेब करतो की नक्कल करायचे विमान या हुकमाला कसे वागले असते, आणि एफ-१६चे पृष्ठभाग असे हलवतो की तीही तशीच वागेल. मागे बसलेल्या सुरक्षा वैमानिकाच्या हाती खरी एफ-१६ असते. मर्यादा ओलांडली गेली, किंवा त्याला शंका जरी आली, तरी सोंग त्या क्षणी उतरते आणि विमान त्याच्या ताब्यात येते. या मागच्या आसनाकडे लक्ष असू द्या. पुढची सगळी गोष्ट त्याच्या भरवशावर उभी आहे.

व्हिस्टा पहिल्यांदा उडाली एप्रिल १९९२ मध्ये. त्याच महिन्यात एडवर्ड्सवर वायएफ-२२चा, म्हणजे पुढच्या एफ-२२ लढाऊ विमानाचा, एक नमुना धावपट्टीलगत झोके खात आपटला. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाचा पहिला नमुना १९८९ साली उतरताना असाच गेला होता, आणि १९९३ साली स्टॉकहोममध्ये भर गर्दीच्या कार्यक्रमात दुसरी ग्रिपेन कोसळली. व्हिस्टा स्वतः मात्र लगेच आपल्या कामाला लागली नाही. १९९३-९४ मध्ये तिला जेटचा झोत वळवणारे नोझल बसवले गेले आणि नाक ८० अंशांहून जास्त वर करून उडण्याचे प्रयोग झाले. ते झाल्यावरच ती बफेलोला, नकलांच्या मूळ कामावर आली.

आणि तिथे आपले लोक पोहोचले. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेले आहे. तळहातावर काठी उभी तोलावी तसे संगणकाने त्याला सतत सावरावे लागते, त्या बदल्यात ते चपळ होते. नियंत्रण-नियम चुकले तर विमान हातातून जाणारच. हे नियम लिहायला १९९२ साली बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये श्याम चेट्टी यांच्या नेतृत्वाखाली एक राष्ट्रीय गट बसला. व्हिस्टावरची ३३ उड्डाणे ही त्या गटाची परीक्षा होती.

मे १९९८ मध्ये पोखरण झाले, निर्बंध आले आणि लॉकहीड मार्टिन या अमेरिकी कंपनीचे सहकार्य तुटले. उरलेले काम घरीच पुरे करावे लागले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी विमान उचलले आणि नीट खाली आणले. त्यानंतर २३ वर्षे एकही तेजस कोसळले नाही. पहिला अपघात मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ झाला. याचे श्रेय व्हिस्टाला देणे चूक ठरेल, ते नियम लिहिणाऱ्यांचे आणि तपासणाऱ्यांचे आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझरहून तिथेच बांधलेले तेजस उडाले, तेव्हा मला त्या ३३ उड्डाणांची आठवण झाली.

२०००च्या सुमारास व्हिस्टा एडवर्ड्सच्या चाचणी वैमानिक शाळेत गेली. तिथले विद्यार्थी एकाच उड्डाणात चांगले विमान आणि वाईट विमान दोन्ही हाताळून पाहतात. १४ जून २०२१ रोजी तिला एक्स-६२ए हे नाव मिळाले. नवे संगणक बसवून आता पुढच्या वैमानिकाच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्ता आणायची होती. डिसेंबर २०२२ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हाती तिने १७ तासांहून अधिक उड्डाण केले. सप्टेंबर २०२३ मध्ये खऱ्या वैमानिकाच्या एफ-१६शी झुंज झाली, दोन विमाने एकमेकांपासून २,००० फुटांपर्यंत आली. मधल्या २१ चाचणी उड्डाणांत सॉफ्टवेअरच्या एक लाखाहून अधिक ओळी बदलल्या गेल्या. एरवी अशा सॉफ्टवेअरची एक ओळ बदलायलाही महिने जातात. इथे ते जमले, कारण चुकले तर थांबवणारी माणसे विमानात बसलेली होती. झुंजीत त्यांना हस्तक्षेप करावा लागला नाही.

२ मे २०२४ रोजी अमेरिकी हवाई दलाचे सचिव फ्रँक केंडल तिच्या पुढच्या आसनावर तासभर बसून आले. उतरल्यावर ते म्हणाले की शस्त्र सोडायचे की नाही हा निर्णयही या यंत्रावर सोपवण्याइतका विश्वास त्यांना वाटतो. मला वाटत नाही. ३० वर्षांत या विमानाने जे काही सिद्ध केले ते मागच्या आसनावर माणूस असताना केले, आणि ज्या लढाऊ ड्रोनसाठी ही तयारी चालली आहे त्यांत ते आसनच नसेल.