गार्ड उघडला म्हणजे मशीन थांबलं?

गार्ड म्हणजे मशीनच्या हलत्या भागांवरचं संरक्षक झाकण. त्याबद्दल शॉपफ्लोअरवर वर्षानुवर्षं ऐकू येणारं वाक्य: 'गार्ड उघडला की मशीन जागेवर थांबतं, बिनधास्त हात घाला.'

समज अगदीच निराधार नाही. गार्ड उघडताच त्याचा इंटरलॉक स्विच मोटरचा वीजपुरवठा खरंच तोडतो. पण वेगात असलेला लेथचा जड चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) त्यानंतरही काही सेकंद फिरत राहू शकतो. न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) सिलिंडरमध्ये दाब कोंडलेला असू शकतो, तो वेगळाच. म्हणून उशिरा थांबणाऱ्या मशीनला फिरणं थांबेपर्यंत गार्ड उघडूच न देणारं लॉक लागतं.

पडताळायचंय? गार्ड बंद ठेवून स्टॉप दाबा आणि काचेतून बघत चक पूर्ण थांबेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजा.

दुरुस्तीला तर नुसत्या स्विचवर विसंबूच नका: मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला आपलं कुलूप, किल्ली आपल्या खिशात, दाब सोडलेला, आणि मग मशीन चालू होत नाही ना, हे स्टार्ट दाबून बघायचं.